एकाच घरात दोन ऋतू

२०२२ चा रमजान जवळजवळ पूर्ण एप्रिलमध्ये आला होता. त्याआधीचा मार्चच एवढा तापला होता की हवामान खात्याच्या नोंदीत तो १९०१ पासूनचा देशातला सर्वांत उष्ण मार्च ठरला. आम्हा सोलापूरकरांना उन्हाचे कौतुक नसते, बेचाळीस अंशांत आम्ही लग्ने लावतो. पण त्या वर्षी आमच्या घरात उन्हावरून पहिल्यांदा भांडण झाले.

घर साधेच आहे. खाली बैठक, अम्मांची (माझ्या सासूबाईंची) खोली, आमची खोली आणि स्वयंपाकघर. हे खालचे घर सासऱ्यांनी बांधलेले, दीड फुटी दगडी भिंतींचे. वर दोन खोल्या. त्या दिराच्या लग्नाआधी घाईने चढवलेल्या, बारीक ब्लॉकच्या भिंती आणि वर उघडा स्लॅब. उरलेल्या गच्चीवर सामानासाठी एक पत्र्याची खोली. पूर्वेकडच्या वरच्या खोलीत माझी दोन मुले अभ्यास करतात आणि झोपतात. पश्चिमेकडची दीर-देवरानीची. देवरानीच्या मांडीवर तेव्हा पाच महिन्यांचे बाळ होते.

बाळ रात्रभर किरकिर करायचे. मानेवर, पाठीवर घामोळ्यांची पुरळ. दोनदा डॉक्टरांकडे नेले. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी औषध लिहिण्याआधी विचारले, "बाळ झोपते कुठे?" वर, स्लॅबखाली, म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवले. "मग औषध कशाला? खोली बदला."

खोली बदला म्हणणे सोपे. बैठक मेहमानांची आणि सासऱ्यांची. अम्मांचे गुडघे दुखतात, त्यांना वर पाठवता येत नाही. दिराने एसी घ्यायचा विषय काढला, हप्त्यांवर. माझ्या शोहरनी विजेच्या बिलाचा आणि जुन्या वायरिंगचा विषय काढला. मग कोण किती कमावतो, वरच्या खोल्यांचा खर्च कोणी केला, अशा गोष्टी निघाल्या, ज्या रोजेदारांच्या घरात निघू नयेत. देवरानी गप्प होती. बाळ अंगावर पिते म्हणून तिला रोजा न ठेवण्याची सवलत होती, तरी ती हट्टाने ठेवत होती. एका सहेरीला ती मला हळूच म्हणाली, "भाभी, ऊपर तंदूर है. एक रात सोके तो देखो."

दुसऱ्या रात्री ती आणि बाळ माझ्या जागी, मी तिच्या खोलीत. तरावीह झाली, अकरा वाजले. गच्चीवर बरी झुळूक होती. दार उघडून खोलीत पाऊल टाकले आणि वाटले, कोणीतरी तोंडावर गरम फडके टाकले. पंखा चालू केला तर हवा आणखी गरम. पलंगावर उभी राहून हात वर केला आणि छताला टेकवला. चुलीवरून उतरवून थोडा वेळ झालेल्या तव्यासारखे छत लागले. ऊन उतरून पाच तास झाले होते.

मी प्राथमिक आणि माध्यमिक वर्गांना शिकवते, इंजिनिअर नाही. पण मोजल्याशिवाय बोलू नये एवढे मुलांना रोज सांगते. मुख्याध्यापकांना विचारून शाळेच्या प्रयोगशाळेतली तापमापके घरी आणली. आधी सगळी एकाच बादलीत अर्धा तास बुडवून ठेवली. एक अंशभर जास्त दाखवत होते, त्याच्यावर दोरा बांधला आणि त्याच्या आकड्यातून एक वजा करायचा ठरवले. मग प्रत्येक खोलीत एक, भिंतीपासून हातभर दूर, खाटेच्या उंचीवर. तीन दिवस दुपारी तीनला आणि रात्री साडेदहाला माझ्या मुलीने आकडे वहीत लिहिले.

दुपारी तीनला बाहेर सावलीत ४१ अंश. अम्मांच्या खोलीत ३३, आमच्या खोलीत ३४, बैठकीत ३५. वर पूर्वेच्या खोलीत ३७, पश्चिमेच्या खोलीत ३८. पत्र्याच्या खोलीत ४३. स्वयंपाकघर तीनला ३६ होते, पण इफ्तारीची तळणी सुरू झाली की ४० वर जायचे. हे आकडे पाहून कोणाला फारसे आश्चर्य वाटले नाही.

आश्चर्य रात्रीच्या आकड्यांनी वाटले. साडेदहाला बाहेर ३१. अम्मांची खोली तशीच ३३. पत्र्याची खोली, जी दुपारी भट्टी होती, ती ३२ वर आलेली. आणि बाळाची खोली ३७. म्हणजे सबंध दिवसात ती खोली एक अंशाने थंड झाली होती. घरातली सर्वांत गरम जागा रात्री पत्र्याची खोली नव्हती. जिथे आम्ही बाळाला झोपवत होतो तीच होती.

याचे कारण समजून घेतले की पुढचे सगळे उपाय आपोआप सुचतात, म्हणून थोडे सविस्तर सांगते.

आपल्याकडे मे महिन्यात सूर्य दुपारी अगदी डोक्यावर येतो. सोलापुरात मेच्या दुसऱ्या आठवड्यात, पुण्यात त्यानंतर दोन-तीन दिवसांनी आणि मुंबईत मेच्या मध्यावर एक दिवस असा येतो की भर दुपारी सरळ उभ्या काठीची सावलीच पडत नाही. शाळेत त्याला शून्य सावली दिवस म्हणतात. मुलांना गच्चीवर काठी रोवून दाखवा, साडेबाराच्या जरा आधी सावली काठीच्या पायात शिरते. याचा घराच्या दृष्टीने अर्थ असा की उन्हाळ्यात सर्वांत जास्त ऊन छत खाते, भिंती नव्हे. दक्षिणेची भिंत, जिला लोक उगाच दोष देतात, तिच्यावर मे महिन्यात ऊन जवळजवळ पडतच नाही. तिला ऊन मिळते ते थंडीत. छतानंतर नंबर लागतो पश्चिमेच्या भिंतीचा, कारण तीन ते सहा या वेळात ऊन तिच्यावर सरळ येते आणि तोपर्यंत हवाही तापलेली असते. पूर्वेच्या भिंतीवरही तेवढेच ऊन पडते, पण सकाळची हवा थंड असल्याने ते सोसते.

दुसरी गोष्ट, सिमेंटचा स्लॅब जाड असतो. ऊन वर पडले की ते लगेच खाली उतरत नाही. चार-पाच इंच काँक्रीट पार करायला उष्णतेला काही तास लागतात. बारा-एकचे ऊन खोलीत पोहोचते संध्याकाळी, आणि एकदा तापलेला स्लॅब आपली उष्णता अर्ध्या रात्रीपर्यंत खाली सोडत राहतो. छताखालची हवा गरम होऊन वरच साचते आणि आपण पंखा लावून तीच खाली ओढतो. पत्रा पातळ. तो लगेच तापतो, लगेच निवतो. दुपारी पत्र्याखाली बसणे अशक्य, पण रात्री दहानंतर तिथे झोपता येते. जुन्या माळवदाच्या घरांत, लाकडी तुळयांवर फूट-दीड फूट पांढऱ्या मातीचा थर असायचा, तिथे ऊन खोलीपर्यंत पोहोचण्याआधीच रात्र व्हायची. माझ्या नानीचे घर तसे होते. तिथे पंखा नव्हता आणि कोणी मागतही नव्हते.

आता अम्मांची खोली एवढी थंड का? भिंती जाड हे खरे, पण बैठकीच्या भिंतीही तेवढ्याच जाड आहेत आणि ती दोन अंशांनी गरम. फरक एवढाच की बैठकीच्या डोक्यावर उघडी गच्ची आहे आणि अम्मांच्या डोक्यावर बाळाची खोली. वरची खोली ऊन अंगावर घेते म्हणून खालची निवांत राहते. मी इफ्तारनंतर वही उघडून हे सगळ्यांना समजावत होते. पुरुष मंडळी एसीचे टन मोजत होती. अम्मांनी खजुराची बी ताटलीत ठेवली आणि म्हणाल्या, "मतलब, मेरे हिस्से की धूप बच्चा खा रहा है?"

त्या रात्री बाळाचा पाळणा अम्मांच्या खोलीत आला. देवरानीही. अम्मांना रात्री दिवा लागलेला चालत नाही, बाळाला अंधार चालत नाही, असे महिनाभर चालले. पण पुरळ चौथ्या दिवशी सुकू लागली.

हे फक्त आमच्या घरापुरते नाही. अहमदाबादेत मे २०१० मध्ये पारा ४६.८ पर्यंत गेला होता आणि त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले, असे नंतरच्या अभ्यासात दिसले. तिथल्या एका रुग्णालयात प्रसूतीचा कक्ष सर्वांत वरच्या मजल्यावर होता. उन्हाने आजारी पडून अतिदक्षता विभागात जाणाऱ्या नवजात बाळांची संख्या वाढली, तेव्हा तो कक्ष खालच्या मजल्यावर हलवला. संशोधकांनी हिशेब केला तर केवळ या हलवण्याने अशा बाळांचे प्रमाण ६४ टक्क्यांनी कमी झालेले आढळले. ना नवे यंत्र, ना औषध. पुढे २०१३ मध्ये अहमदाबाद महापालिकेने उष्णतेसाठी कृती आराखडा केला आणि काही वर्षांनी वस्त्यांमधली छते पांढरी करण्याचे काम हाती घेतले. तेलंगणाने तर २०२३ मध्ये थंड छतांचे सरकारी धोरणच जाहीर केले.

मग आपण काय करायचे? आधी हाताने तपासा. तापमापक नसले तरी चालते. संध्याकाळी सहाला आणि रात्री नऊला, गरम वाटणाऱ्या खोलीत स्टुलावर उभे राहून छताला तळवा लावा, मग पश्चिमेच्या भिंतीला, मग दुसऱ्या कोणत्याही आतल्या भिंतीला. छत गरम असेल तर इलाज छतावर करायचा. भिंत गरम असेल तर भिंतीवर, आणि बाहेरून. दोन्ही बरी पण हवाच गरम आणि कोंदट असेल तर दोष वाऱ्याच्या वाटेचा किंवा स्वयंपाकघराचा. लोक हे न तपासता पैसे घालतात. आमच्या गल्लीत एकांनी खोलीला आतून थर्माकोल चिकटवला. रोग पश्चिमेच्या भिंतीचा, इलाज छताचा. शिवाय थर्माकोल पेट घेतो आणि त्याचा धूर विषारी असतो, तो घरात उघडा लावूच नये.

आमचा रोग छताचा होता. ईद ३ मेला झाली आणि त्याच आठवड्यात आम्ही छताला चुना मारला. हे काम कसे करायचे ते नीट सांगते, कारण गवंडी बहुतेक वेळा एक पातळ हात मारून निघून जातो आणि पहिल्या वळवात सगळे वाहून जाते.

स्लॅबला भेगा असतील तर त्या आधी सिमेंटने भरून घ्या. स्लॅब झाडून, घासून, धुऊन घ्या. शेवाळाचे काळे डाग राहिले तर चुना तिथे धरत नाही. कळीचा चुना आणला तर तो आदल्या दिवशी भिजवायचा, आणि चुन्यावर पाणी न ओतता लोखंडी पिंपातल्या पाण्यात चुना थोडा थोडा सोडायचा. तो खदखदा उकळतो. पातळ प्लास्टिकची बादली चालत नाही, वितळते. मुलांना त्या दिवशी वर येऊ देऊ नका. चुन्याचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, म्हणून चष्मा, हातमोजे आणि पायात चप्पल हवीच. गेलाच तर भरपूर पाण्याने धूत राहायचे आणि तसेच दवाखाना गाठायचा. ही कटकट नको असेल तर विझवलेल्या चुन्याची भुकटी पोत्यात मिळते, ती घ्या. रात्रभर भिजलेला चुना फडक्यातून गाळा, त्यात फेव्हिकॉलसारखा डिंक मिसळा, ताकापेक्षा जरा दाट ठेवा. ऊन उतरल्यावर स्लॅब ओला करून पहिला हात उभा, तो वाळला की दुसऱ्या संध्याकाळी आडवा, मग तिसरा पुन्हा उभा. नंतर दोन दिवस सकाळ-संध्याकाळ हलके पाणी शिंपडा. जाड एक हात मारण्यापेक्षा पातळ तीन हात टिकतात.

आमच्या साडेचारशे चौरस फुटांना साहित्याचा खर्च दोन हजारांच्या आत आला. मजुरी नाही, कारण दीर आणि माझे शोहर, जे आठवडाभर एकमेकांशी नीट बोलत नव्हते, ते दोघेच तीन संध्याकाळी ब्रश घेऊन गच्चीवर होते. काय बोलले ते मी विचारले नाही.

मेच्या मध्यावर पुन्हा मोजले. बाहेर तेच ४१. बाळाच्या खोलीत दुपारी ३५, रात्री साडेदहाला ३४. दुपारचा फरक तीन अंशांचा, रात्रीचाही तेवढाच. ऐकायला थोडे वाटते, पण ३७ आणि ३४ यात झोप न येणे आणि येणे एवढा फरक आहे. माझ्या मुलाची परीक्षा वेगळी. आधी दुपारी दोनला गच्चीवर अनवाणी पाऊल टेकवता यायचे नाही, आता तो उभा राहून वीस मोजत होता. पांढऱ्या छतावरून उन्हाचा बराचसा भाग आल्या वाटेने परत जातो, काळपट सिमेंट त्यातला बहुतेक गिळून टाकते. एक त्रास होतो, दुपारी कपडे वाळत घालायला गेले की डोळे दिपतात. आणि धूळ बसली की पांढरेपणा जातो, म्हणून महिन्यातून एकदा स्लॅब धुवावा लागतो. पावसाळ्यानंतर चुना मळकट होतो. दरवर्षी फेब्रुवारीअखेर नवा हात मारायचा, असे आम्ही धरून चाललो आहोत.

ज्यांना दरवर्षीची दगदग नको आणि थोडा पैसा आहे त्यांनी पांढऱ्या फुटक्या टाइल्सचा चायना मोझॅक करून घ्यावा. तो वर्षानुवर्षे टिकतो, गळतीही थांबते, मात्र स्लॅबवर वजन वाढते, म्हणून जुन्या घरात आधी जाणत्या माणसाला दाखवा. हिरवी जाळी लावायची तर स्लॅबवर अंथरू नका. पुरुषभर उंचीवर बांधा, खालून वारा वाहू द्या. सावली आणि स्लॅब यांच्यामध्ये वारा असेल तरच सावलीचा उपयोग. सूरह नहलमध्ये घरांचा आणि सावलीचा उल्लेख अल्लाहच्या नेमतींमध्ये पाठोपाठ येतो. मी ती आयत कितीदा वाचली असेल, पण गच्चीवर चुना वाळत असताना मला ती पहिल्यांदा गच्चीची आयत वाटली.

पश्चिमेच्या भिंतीसाठी आम्ही खिडकीवर बांबूची चिक टांगली, बाहेरून. पडदा आतून लावला तर ऊन काच ओलांडून आत आलेलेच असते, पडदा तापतो आणि खोलीला तापवतो. आणि छज्ज्यावर विसंबू नका, संध्याकाळचे ऊन छज्ज्याखालून तिरपे येते. आडवा आडोसा कामाचा नाही, उभा हवा. खाली माती असेल तर वेल चढवा. आमच्याकडे नाही, म्हणून भिंत बाहेरून पांढरी केली.

आता वाऱ्याच्या वाटेबद्दल, आणि इथे आपल्या घरांची एक खास अडचण आहे. परद्यासाठी आपण खिडक्या बंद ठेवतो, त्यातही बायकांचा वावर असतो त्याच खोल्यांच्या. बैठकीच्या खिडक्या दिवसभर उघड्या आणि स्वयंपाकघराची एकच खिडकी, तिलाही पेपर चिकटवलेला. जुन्या हवेल्यांत परदाही होता आणि वाराही होता. खिडक्या रस्त्याकडे नव्हत्या, सहनकडे होत्या, आणि उंचावर जाळीचे झरोके होते. गरम हवा वर जाते, तिला बाहेर पडायला वरच वाट लागते. आपल्याला सहन बांधता येत नाही, पण स्वयंपाकघराच्या भिंतीत डोक्याच्या वर एक झरोका पाडता येतो, तिथून कोणाला काही दिसत नाही. आम्ही तिथे धूर ओढणारा पंखा बसवला. त्याने अनपेक्षित काम केले. आमचा जिना स्वयंपाकघराशेजारून वर जातो, आणि इफ्तारीच्या तळणीची सगळी गरम हवा त्या जिन्यातून थेट वरच्या खोल्यांत चढत होती. पंखा लागल्यावर ती बाहेर गेली.

तोच जिना रात्री उपयोगी पडतो. जिन्याच्या वरच्या तोंडाचे दार रात्री उघडे ठेवले आणि खालची एखादी खिडकी उघडली की जिना धुराड्यासारखा काम करतो, गरम हवा वरून जाते, थंड हवा खालून येते. चोराची भीती म्हणून आम्ही लोखंडी जाळीचे दार करून घेतले. आमच्यासारख्या कोरड्या गावांत खिडक्यांचे वेळापत्रक उलटे करावे लागते. सकाळी आठ-नऊला बाहेरची हवा आतल्यापेक्षा गरम व्हायला लागली की खिडक्या, पडदे बंद, आणि रात्री बाहेर निवले की सगळे उघडे. "हवा येऊ दे" म्हणून भर दुपारी खिडकी उघडणारे पाहुणे असतात, त्यांना प्रेमाने थांबवावे. पंखा खोली थंड करत नाही, अंगावरचा घाम वाळवतो. खोलीत कोणी नसेल तर बंद करा. आणि खोलीची हवाच अंगापेक्षा गरम असेल, म्हणजे ३७-३८ च्या पुढे, तर म्हाताऱ्यांना आणि बाळांना कोरड्या पंख्याखाली ठेवून भागत नाही. ओले फडके अंगावरून फिरवा, किंवा सरळ खालच्या खोलीत न्या.

कूलरचेही तसेच. तो खिडकीत, तोंड आत, पाठ बाहेर, आणि समोरची दुसरी खिडकी उघडी, असाच चालतो. बंद खोलीत मधोमध ठेवलेला कूलर तासाभरात खोलीची हमामखाना करतो.

कोकणातल्या आणि मुंबईकडच्या बहिणींना वरचे सगळे जसेच्या तसे लागू नाही. तिथे हवेतच पाणी आहे, कूलर निरुपयोगी, आणि दुपारीही खिडक्या बंद करून बसता येत नाही. तिथे आरपार वारा हाच मोठा उपाय. रत्नागिरी-रायगडकडच्या आपल्या गावांत आखाती कमाईतून जुनी कौलारू घरे पाडून स्लॅबचे बंगले झाले. कौलांच्या फटींतून गरम हवा निसटायची, स्लॅबखाली ती कोंडते. पण तिथल्या लोकांनी पावसाच्या गळतीला कंटाळून स्लॅबवर जो पत्र्याचा मांडव घातला, तो नकळत उन्हाचाही उपाय झाला. मांडव चारी बाजूंनी मोकळा ठेवा, भिंती घालून खोली करू नका, नाहीतर तीच गत. मुंब्रा, भिवंडीच्या इमारतींत शेवटच्या मजल्यावर राहणाऱ्यांची अडचण वेगळी, गच्ची सगळ्यांची आणि ऊन एकट्याचे. सोसायटीच्या सभेत पांढऱ्या छताचा विषय मांडा. गळतीरोधक काम निघेल तेव्हा पांढरा थर लावून घेणे फारसे महाग पडत नाही. मालेगावकडे पत्र्याच्या घरात दिवसभर राहणाऱ्यांनी पत्रा वरून पांढरा रंगवावा आणि आतून बांबूची चटई वीतभर अंतर सोडून बांधावी.

एसी लावू नका असे मी म्हणत नाही. पण तापलेल्या स्लॅबखाली लावलेला एसी रात्रभर स्लॅबशीच झगडतो. आणि तो खोलीतली गरमी बाहेर फेकतो, ती कोणाच्या तरी खिडकीत जाते. बाहेरचा डबा कुठे बसवायचा हे ठरवताना शेजाऱ्याच्या हक्काची आठवण ठेवलेली बरी.

दिराने शेवटी एसी घेतला नाही, जुना कूलर दुरुस्त करून वर नेला. सगळ्या खोल्या सारख्या झाल्या नाहीत, होणारही नाहीत. वरची खोली अजून अम्मांच्या खोलीपेक्षा दोन अंशांनी गरमच असते. पण आता घरात कोणी कुठे बसायचे ते खोलीच्या मालकीवरून ठरत नाही, वेळेवरून ठरते. कडक उन्हात जोहरची नमाज ऊन जरा उतरेपर्यंत लांबवावी अशी शिकवण हदीसमध्ये आहे, आणि दुपारचा कैलूला सुन्नत. आमच्याकडे मे महिन्यात जोहरनंतर वरचे सगळे खाली येतात, अम्मांच्या खोलीत चटया पडतात, मुलगी तिथेच अभ्यास करते. दुपारी दोन ते पाच वर कोणी नसते. बैठकीतही मेहमान नसतील तर बायका-मुले असतात, याला सासऱ्यांनी आधी नाक मुरडले, मग तेही अम्मांच्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसू लागले. रात्री दहानंतर मोठी माणसे पत्र्याच्या खोलीत आणि गच्चीवर, मुले वर.

तापमापके शाळेला जूनमध्ये परत केली. एक मात्र अम्मांनी ठेवून घ्यायला लावले, दुकानातून विकत आणून बदली दिले. ते त्यांच्या उशाशी खिळ्याला टांगलेले असते. मी संध्याकाळी शाळेतून आले की त्या चष्मा लावून वाचतात आणि जिन्याकडे तोंड करून देवरानीला विचारतात, "हमारे इधर चौंतीस. तुम्हारे उप्पर कित्ता?"